एक रात्र डोंगराला

लांबच्या प्रवासाची आखणी करताना आपण बहुधा दिवसांचा हिशेब करतो, रात्रींचा करीत नाही. कोणत्या दिवशी कोठे पोहोचायचे, वाटेत काय पाहायचे, हे सारे कागदावर नीट मांडलेले असते. रात्रीपुढे मात्र एखाद्या गावाचे नाव आणि 'मुक्काम' एवढाच शब्द असतो. मोटारीचा प्रवास तर रात्र जवळजवळ पुसूनच टाकतो. दिवसभर बसून आंबलेले शरीर एखाद्या लॉजच्या खोलीत पडते, सकाळी उठून पुन्हा गाडीत बसते आणि आठ-दहा दिवसांनी घरी परतल्यावर त्या खोल्यांपैकी एकही डोळ्यांसमोर येत नाही. तुम्ही असा प्रवास केला असेल, तर त्यातली एखादी रात्र आठवून पाहा. रस्ते आठवतील, देवळे आठवतील, एखाद्या टपरीवरचा चहाही आठवेल. रात्र आठवणे कठीण जाईल.

मार्गशीर्षात आम्ही तिघे अमरावतीहून निघालो, ते नऊ दिवसांत दापोलीच्या किनाऱ्यापर्यंत जाण्याच्या बेताने. गाडी चालवायला माझा मुलगा, सोबत मी आणि माझी मोठी बहीण. आखणी साधी होती: लोणार, वेरूळ, मग संगमनेरवरून सह्याद्री ओलांडून कोकण. ताईने ती आखणी पाहिली आणि म्हणाली, "यातली एक रात्र डोंगराला द्या."

"डोंगराला म्हणजे? महाबळेश्वरला?"

"महाबळेश्वरला हॉटेल असतं. डोंगरावर म्हणतेय मी."

ताईचे वय बासष्ट. दोन वर्षांपूर्वी तिची अँजिओप्लास्टी झालेली. ती रोज सकाळी तासभर फिरते, जिना चढते, घरचे सगळे करते. तरीही डोंगरावर रात्र काढण्याची तिची इच्छा ऐकून माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'कशाला?' हाच. मी तो बोलून दाखवला नाही. तिच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी चढण्यास हरकत घेतली नाही. फक्त एक मोजमाप दिले. चढताना बोलता येईल इतक्याच वेगाने चढायचे, बोलणे तुटू लागले की थांबायचे. हे मोजमाप पुढे फार उपयोगी पडले, ते एका वेगळ्याच कारणाने. त्याविषयी पुढे सांगेन.

आता प्रश्न उरला डोंगर कोणता. महाराष्ट्रात डोंगरांची वाण नाही आणि त्यामुळेच निवड अवघड होते. आमच्या कागदावर चार नावे आली. पहिले अर्थातच कळसूबाईचे. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातील सर्वोच्च शिखर, आणि 'सर्वोच्च' या शब्दाची भुरळ कोणाला पडत नाही? दुसरे बागलाणातल्या साल्हेरचे. उंचीने कळसूबाईच्या खालोखाल आणि किल्ल्यांमध्ये सर्वांत उंच. १६७२ साली याच्याच पायथ्याशी मराठ्यांनी मोगल फौजेला उघड्या मैदानात हरवले, ही त्याची ख्याती. तिसरा रतनगड, ज्याच्या माथ्यावर कातळाला आरपार पडलेले नेढे आहे आणि पायथ्याला रतनवाडीचे कोरीव अमृतेश्वर मंदिर. चौथा हरिश्चंद्रगड.

माझ्या मुलाने चौघांचा तक्ता केला. उंची, पायथ्याचे गाव, चढाईचे तास, पाण्याची सोय, रात्रीचा निवारा. तक्त्यात सगळे डोंगर एकमेकांसारखे दिसू लागले. प्रत्येकाचे काही अधिक, काही उणे. अशा वेळी माणूस बहुधा ज्याचे नाव मोठे ते निवडतो. आम्हीही कदाचित कळसूबाईच निवडले असते. पण त्याच रात्री बंगळूरहून ताईच्या मुलाचा फोन आला.

तो रागावला नव्हता. त्याने एकच प्रश्न विचारला. "मावशी, वर आईला काही झालं, तर तिला खाली आणायला किती तास लागतील?"

वाचकहो, हा प्रश्न तुम्हाला अशुभ वाटेल. आपल्याकडे प्रवासाला निघताना असे बोलू नये, असा संकेत आहे. परंतु डोंगराच्या बाबतीत याहून शहाणा प्रश्न मला सापडलेला नाही. आम्ही तक्ता पुन्हा उघडला, त्यातला उंचीचा रकाना खोडला आणि त्या जागी हा प्रश्न लिहिला. चढायला किती वेळ, याऐवजी उतरायला किती वेळ. आणि काय आश्चर्य, एकमेकांसारखे दिसणारे ते चार डोंगर क्षणात वेगवेगळे झाले.

कळसूबाईची बारी गावाकडची वाट उभ्या चढाची. मधले कातळाचे टप्पे लोखंडी शिड्यांवरून पार करावे लागतात. दिवसा हजारो भाविक त्या शिड्या चढतात, हे खरे. पण आजारी माणसाला रात्री त्याच शिड्यांवरून उतरवायचे म्हणजे काय, याची कल्पना केल्यावर तो विचार मागे पडला. शिवाय माथ्यावर देवीचे छोटेसे देऊळ आणि भोवती मोकळा वारा. रात्रीला आडोसा नाही. रतनगडालाही शिड्या आहेत. साल्हेर मार्गापासून उत्तरेला फार दूर. तेथे जायचे तर वाटेतला एक संपूर्ण दिवस खर्ची पडणार आणि थकलेल्या शरीराने चढाई सुरू करावी लागणार. राहिला हरिश्चंद्रगड.

या गडाच्या नावाने अनेकांच्या छातीत धडकी भरते आणि तीही उगाच नव्हे. माळशेजच्या पायथ्याशी असलेल्या बेलपाड्याहून वर येणारी नळीची वाट ही सह्याद्रीतल्या अवघड वाटांपैकी एक. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे येणारी वाट तितकी अवघड नाही. पण लांब आणि दमवणारी. तिसरी वाट अकोले तालुक्यातल्या पाचनईची. ही सर्वांत सोपी आणि आखूड. धडधाकट माणूस दोन-तीन तासांत वर पोहोचतो. एकाच डोंगराच्या वाटांमध्ये इतका फरक का असावा?

याचे उत्तर सह्याद्रीच्या घडणीत आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचत गेलेल्या लाव्हारसाचा. या थरांची पश्चिमेकडची कड कोकणाच्या बाजूला एकदम तुटते आणि उभी भिंत तयार होते. पूर्वेकडे मात्र तेच पठार पायरीपायरीने सावकाश उतरत जाते. कोकणातून पाहणाऱ्याला सह्याद्री भिंत वाटतो, देशावरून येणाऱ्याला तो केवळ एक चढ वाटतो. आम्ही विदर्भातून येत होतो. म्हणजे संगमनेर, अकोले, राजूर अशी आमची मोटारच निम्मा डोंगर चढून देणार होती, आणि पाचनईला उतरल्यावर उरलेलाच तेवढा पायांना चढायचा होता. आमच्या रस्त्यानेच आमचा डोंगर निवडला, असे म्हणायला हरकत नाही.

या कातळाची ओळख आम्हाला वाटेतच दोन वेळा झाली होती. लोणारला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराच्या काठावर उभे राहिलो, तेव्हा तो आकाशातून आलेल्या अशनीने फोडलेला होता. वेरूळच्या कैलास लेण्यात तोच कातळ आठव्या शतकातल्या कारागिरांनी माथ्यापासून पायथ्याकडे कोरत आणला होता. तिसऱ्या ठिकाणी तो आपल्या मूळ रूपात पाहायला मिळणार होता, याचे मला समाधान वाटले. प्रवासातली ठिकाणे अशी एका धाग्यात आली, म्हणजे प्रवास ही नुसती यादी राहत नाही.

तिथीही पाहिली. तुम्ही डोंगरावर रात्र काढणार असाल, तर पंचांग उघडायला विसरू नका. अमावास्येला तारे भरपूर, पण वाट दिसत नाही. पौर्णिमेला वाट दिसते, पण तारे विरतात. आम्ही शुद्ध दशमी निवडली. दशमीचा चंद्र सूर्यास्ताच्या वेळी आकाशात चांगला वर आलेला असतो आणि मध्यरात्रीनंतर दोनेक तासांनी मावळतो. संध्याकाळी परतायला उजेड आणि पहाटे काळेभोर आकाश, असे दोन्ही पदरात पडते.

निघण्यापूर्वी आम्ही चार गोष्टी ठरवल्या. सकाळी अकराच्या आत पायथा सोडायचा. गावातला माणूस सोबत घ्यायचा आणि सामान त्याच्याकडे द्यायचे. दुपारी दोनपर्यंत कड्याखालची आडवी वाट संपली नाही, तर तेथूनच परतायचे. आणि चौथी गोष्ट ताईने सुचवली: तिघांपैकी कोणीही 'परत' म्हटले, तर कारण न विचारता तिघांनीही परतायचे. "माझा मुलगा इथे नाहीये," ती म्हणाली, "म्हणून त्याचं मत तुझ्याकडे ठेव." पायथ्याशी डोके थंड असते. चढावर ते उत्साहाच्या किंवा भीतीच्या हाती जाते, म्हणून असे निर्णय खालीच घेऊन ठेवावेत. आमचे हे ठराव मी भाच्याला फोनवर वाचून दाखवले आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तरही दिले. उतरायला तीन-चार तास, तेथून राजूरपर्यंत गाडीने आणखी तासाहून अधिक. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझं जाड स्वेटर कपाटात वरच्या कप्प्यात आहे. ते तिला द्या."

पाचनईच्या वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली. हा सारा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्कामाचे आणि शेकोटीचे नियम वेळोवेळी बदलतात, ते तेथे विचारून घ्यावेत. गावातले एक गृहस्थ सोबत आले. त्यांनी ताईकडे एकदा नीट पाहिले आणि म्हणाले, "मावशी, तुमी म्होरं चाला. आमी तुमच्या मागनं." सर्वांत हळू चालणाऱ्याने पुढे असावे, म्हणजे त्याला कोणाला गाठायचे नसते. कोणत्याही पुस्तकाविना त्यांना हे ठाऊक होते.

आणि डॉक्टरांच्या मोजमापाप्रमाणे ताई बोलू लागली. चढताना बोलत राहणे सोपे नाही. पहिली दहा मिनिटे ती वाटेवरच्या झाडांविषयी बोलली, मग भाच्याच्या नोकरीविषयी. ते संपले, तेव्हा ती आपोआप मागे गेली.

"तुला आठवतं का, दादा आणि त्याचे मित्र चिखलदऱ्याला गेले होते? गाविलगडावर झोपले होते रात्रभर?"

मला आठवत नव्हते. मी तेव्हा जेमतेम दहा वर्षांची असेन.

"बाबांनी स्वतः नेलं होतं त्यांना. मी दहावीत होते. दशम्या मी केल्या, चटणी मी कुटली, सतरंजी मी बांधून दिली." ती थांबली. श्वास घेतला. बोलणे तुटले होते, म्हणून आम्हीही थांबलो. मग ती पुढे म्हणाली, "मी येऊ का, असं मी विचारलंसुद्धा नाही. विचारायचं असतं, हेच माहीत नव्हतं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जुन्या हिशेबातली एखादी रक्कम वाचून दाखवावी, तसे ती हे बोलली. बाबा प्रेमळ होते. त्यांनी आम्हा दोघी बहिणींना शिकवले, नोकरी करू दिली. पण मुलींनी डोंगरावर रात्र काढणे हा त्या काळी नकार देण्याजोगाही प्रश्न नव्हता. तो प्रश्नच नव्हता. अमरावतीहून चिखलदरा काही फार दूर नाही. त्यानंतरच्या पंचेचाळीस वर्षांत ताई तेथे कितीतरी वेळा गेली, दर वेळी संध्याकाळच्या आत परतली. 'कशाला?' हा माझा न विचारलेला प्रश्न मला त्या चढावर आठवला आणि त्याचे उत्तरही मिळाले.

पहिला चढ संपला की पाचनईची वाट एका प्रचंड कातळभिंतीखालून आडवी जाते. डोक्यावर पुढे झुकलेला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि धोक्याच्या जागी आधाराला कठडे. पावसाळ्यात या कड्यावरून पाण्याच्या धारा कोसळतात. आम्हाला फक्त ओल्या दगडाचा गारवा लागला. ही वाट आम्ही पावणेदोनला संपवली. पंधरा मिनिटे हाताशी होती. मुलाने घड्याळ दाखवले, ताईने ते पाहिले नाही असे दाखवले. पुढे ओढा ओलांडून, कारवीच्या दाटीतून वाट माथ्याच्या पठारावर येते आणि अकस्मात हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ समोर उभे राहते. आम्हाला पोहोचायला साडेचार तास लागले; इतरांच्या जवळजवळ दुप्पट.

हे देऊळ आणि त्याचा परिसर पाहायला खरे तर पूर्ण दिवस हवा. चांगदेवांनी येथे तप केले आणि 'तत्त्वसार' हा ग्रंथ येथेच रचला, असे परंपरा सांगते. देवळाजवळ कातळात खोदलेली पुष्करणी आहे. थोडे खाली केदारेश्वराची गुहा; आत मोठे शिवलिंग, भोवती कमरेइतके थंडगार पाणी आणि छताला आधार देणाऱ्या चार खांबांपैकी आता एकच अखंड उरलेला. चार खांब म्हणजे चार युगे, अशी लोकांची श्रद्धा आहे. आमच्या सोबतच्या गृहस्थांनी ती सांगितली आणि लगेच म्हणाले, "चला, न्हाईतर दिस बुडंल."

कोकणकडा देवळापासून पाऊण तासाच्या अंतरावर. त्याविषयी तुम्ही ऐकले असेल, छायाचित्रेही पाहिली असतील. छायाचित्रात जी गोष्ट येत नाही, ती सांगतो ती त्याची अनपेक्षितता. तुम्ही एका सपाट, साध्या माळावरून चालत असता. आणि पुढे माळ नसतोच. कडा आत वाकलेला आहे, नागाच्या फण्यासारखा, त्यामुळे काठावर पालथे पडून डोके पुढे काढले तरी पायथा थेट खाली दिसत नाही, मागे कुठेतरी आत दिसतो. याच दरीत धुके भरलेले असताना आणि सूर्य पाठीशी असताना गोलाकार इंद्रधनुष्य दिसते. त्याला इंद्रवज्र म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली होती. आमच्या नशिबात ते नव्हते. धुक्याचा तो ऋतू नव्हता.

त्या गृहस्थांनी दाखवलेल्या जागी ताई पालथी पडली. त्यांनी तिचे घोटे धरले. ती बराच वेळ खाली पाहत राहिली. सूर्य कोकणावर उतरत होता. खालची गावे आधीच सावलीत गेली होती आणि आम्ही मात्र उन्हात होतो. ती उठून बसली, तेव्हा तिच्या कपाळाला माती लागली होती. ती काही म्हणाली नाही आणि मीही विचारले नाही.

चांदण्यात देवळाकडे परतलो. गावकऱ्यांच्या झोपडीत पिठले-भाकरी तयार होती. दुसऱ्या दिवशी मोक्षदा एकादशी, ताईचा उपवास. तिने त्या रात्री एक भाकरी जास्त खाल्ली. मी मात्र झोपले नाही. दर थोड्या वेळाने शेजारच्या श्वासाचा आवाज ऐकत होते. भाच्याचे मत माझ्याकडे ठेवलेले होते ना! तीनच्या सुमारास चंद्र मावळल्यावर मी तंबूबाहेर आले, तर ताई आधीच बाहेर बसलेली. मार्गशीर्षाला आपले नाव देणारे मृग नक्षत्र पश्चिमेकडे कलले होते, ईशान्येला सप्तर्षी वर चढत होते. थंडीने बोटे वाकत नव्हती. आम्ही दोघी पाठीला पाठ लावून उजाडेपर्यंत तशाच बसलो.

उतरायला तीन तास लागले. पाचनईहून कोतूळ, ओतूर करीत आम्ही माळशेज घाट उतरलो आणि खाली आल्यावर मुलाने गाडी थांबवली. काल ज्याच्या माथ्यावर आम्ही होतो, ती भिंत आता पूर्वेला उभी होती. काळी, सरळ, कोठूनही चढता येईल असे न वाटणारी. ज्यांनी डोंगर केवळ या बाजूने पाहिला असेल, त्यांना ताईसारखी बाई तेथे रात्र काढून आली, हे सांगूनही खरे वाटले नसते.

तुम्ही कधी अशा प्रवासाला निघालात आणि कागदावर एखादी रात्र मोकळी राहिली, तर तिचा असाच विचार करून पाहा, एवढेच माझे सांगणे. उंचीच्या आकड्याने भुलू नका. रस्ता कोणत्या बाजूने येतो, सोबत कोण आहे, आणि वरून खाली यायला किती वेळ लागेल, हे आधी विचारा. आणि सोबतीच्या माणसाने डोंगर मागितला, तर तो कधीपासून मागत आहे, हेही जमल्यास जाणून घ्या. ते पायथ्याशी कळेलच असे नाही.

गाडी उभी होती तेथे फोनला आवाका आला. ताईने मुलाला फोन लावला. त्याने काय विचारले ते मला ऐकू आले नाही. ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "हो, उतरलो. बरी आहे. थंडी फार होती रे, तुझं स्वेटर कामी आलं."